वन्संचा नवस आणि माशाचं तेल

हे निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत यांचं अंग दुखायला लागलं. कंबर, पोटऱ्या, खांदे, काहीच सुटलं नाही. मी अजून शाळेत शिकवायला जात होते, त्यामुळे दिवसभर घरात बसून दुखण्याकडे लक्ष द्यायला यांना भरपूर वेळ होता. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी रक्त तपासून घेतलं आणि सांगितलं की यांच्या अंगात ड जीवनसत्त्व फारच कमी आहे.

हे मानायला तयार नव्हते. "रत्नागिरीत ऊन कमी पडतं म्हणता?" असं त्यांनी विचारलं.

"ऊन भरपूर आहे हो. तुम्ही त्यात कधी होतात?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ते खरं होतं. यांची सगळी नोकरी कचेरीत पंख्याखाली गेली होती आणि सुट्टीच्या दिवशी उन्हात जायची वेळ आली तर हे टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि छत्री अशा जय्यत तयारीने निघत. डॉक्टरीणबाईंनी पावडरीची पाकिटं लिहून दिली. आठवड्यातून एक, दुधातून घ्यायचं. गुण चांगलाच आला. हे जिना चढताना कण्हायचे थांबले आणि एक दिवस तर त्यांनी आपणहून माळ्यावरची मोठी पातेली खाली काढली. एवढ्यावर भागलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण यांचा स्वभाव असा, की ज्याने बरं वाटतं ते दुप्पट केलं की दुप्पट बरं वाटणार. परसातल्या चिकूला शेणखत मानवलं म्हणून यांनी त्याला इतकं खत घातलं होतं की तो चिकू पानं टाकून गेला.

त्याच सुमारास हे सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला जाऊ लागले आणि तिथे यांना एक मित्र भेटले. हे गृहस्थ जन्मभर बोटीवर होते. आता घरी बसले होते आणि त्यांचा मुलगा अमेरिकेत होता. तो दर सुट्टीला वडिलांसाठी गोळ्यांच्या बरण्या घेऊन यायचा. आपल्याकडच्या औषधासारख्या बाटल्या नव्हेत, लोणच्याच्या बरणीएवढ्या बरण्या. बोटवाल्यांना त्या संपवता येत नसत म्हणून ते मित्रमंडळींत वाटत. पहिली बरणी घरी आली तेव्हा मला वाटलं यांनी सुकामेवा आणला.

"हे काय?"

"हाडांसाठी."

"हाडांचं झालं ना बरं?"

"झालं ते टिकवायला नको?" हे म्हणाले.

पाहता पाहता माझ्या मसाल्याच्या फळीवरून धणे-जिरे खाली आले आणि वर बरण्या गेल्या. हाडांची, केसांची, डोळ्यांची, हृदयाची. हळदीच्या गोळ्यासुद्धा होत्या. घरात हळदीचा डबा भरलेला असताना तीच हळद गोळीत घालून परदेशातून का आणायची, हे मी विचारलं, तर हे म्हणाले, "तुझी फोडणीची. ही अंगात भिनते." एका सकाळी हे न्हाणीघरातून ओरडले की लघवी पिवळीधमक झाली, कावीळ झाली. मी घाबरून डोळे बघितले, नखं बघितली, सगळं नीट होतं. मग मी बरणीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. त्यात ब जीवनसत्त्वं इतकी होती की अंगाला हवी ती घेऊन उरलेली शरीर परत पाठवत होतं. हे निवांत झाले. आपल्याला काही झालेलं नाही यापेक्षा औषध अस्सल आहे याचाच त्यांना जास्त आनंद झाला.

अशा वेळी वन्सं आमच्याकडे आल्या. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. हेदवीला घरी एकट्याच असतात. मुलगा जहाजावर, सूनबाई आणि नातवंडं मुंबईला. वन्संच्या पायांना काही महिन्यांपासून मुंग्या येत होत्या आणि चालताना पाय कापसावर पडल्यासारखे वाटत होते. शिवाय थकवा इतका, की अंगण झाडताना मधेच बसावं लागे. मे महिन्याची माझी सुट्टी होती, म्हणून मीच म्हटलं, या राहायला, डॉक्टरला दाखवू.

इथे एक सांगितलं पाहिजे. वन्संसारखी मासे खाणारी बाई मी पाहिली नव्हती. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा काटा न लागता पेडवे कसे खायचे हे त्यांनी मला शिकवलं. पण मुलगा पहिल्यांदा जहाजावर चढला तेव्हा त्यांनी गणपतीला नवस बोलला, की तो सुखरूप ये-जा करू दे, मी मासळी सोडते. तेव्हापासून मासे, मटण, अंडं, सगळं बंद. दुधाचं त्यांना आधीपासूनच वावडं, त्यामुळे आमटी-भात, भाजी आणि चहा कोरा. त्या नवसाबद्दल कधी कुरकुरल्या नाहीत. फक्त आम्ही बांगडे तळत असलो की त्या मागीलदारी जाऊन बसत आणि वारा कुठून येतोय ते बघत.

त्या आल्या त्याच संध्याकाळी यांनी बहिणीचे पाय तपासले. म्हणजे नुसते बघितले.

"डॉक्टरकडे कशाला जातेस? माझ्याकडे सगळं आहे," हे म्हणाले.

"तू कधी डाक्तर झालास?" वन्संनी विचारलं.

"तुझ्या वयाला तेल लागतं, आक्का. सांधे कोरडे पडलेत." असं म्हणून यांनी हृदयाच्या बरणीतून दोन गोळ्या काढल्या. सोनेरी, पारदर्शक, मधाच्या थेंबासारख्या. वन्सं त्या उजेडात धरून बघत राहिल्या. "दिसायला काय सुंदर हायत. आधी ह्याच बघू, डाक्तर मागनं," म्हणाल्या आणि गिळल्या, आणि मग रोजच घेऊ लागल्या. मी तेव्हा भाकऱ्या करत होते. ती कुठली बरणी, हे मला दिसलं नाही.

दोन-तीन दिवसांनी वन्सं देवपूजा करून स्वैपाकघरात आल्या. चेहरा उतरलेला.

"अगो, आज बांगडा केलास?"

"आज संकष्टी आहे, वन्सं."

"मग शेजारी कोण तळतंय?"

शेजारचे लोक मुंबईला गेलेले. मी तसं सांगितलं. वन्सं दुपारी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाय, वास भायरनं येत नाय. माझ्या आतनं येतोय."

त्यांना ढेकर येत होते आणि प्रत्येक ढेकर बांगड्याचा होता. इतकी वर्षं ज्याला शिवल्या नाहीत ते आता पोटातून वर येत होतं. त्यांना वाटलं, आपला जीव अजून मासळीत अडकलाय, वरून नवस पाळला तरी आतून मोडला, आणि देवाने तो उघडा पाडला. मी समजूत घातली, पित्त असेल म्हटलं, ओवा दिला. त्या तुळशीची पानं चावत, लवंगा चावत, बडीशेप खात. आरती म्हणताना तोंडावर पदर धरत. त्यात शेजाऱ्यांची मांजर. शेजारी मुंबईला जाताना तिला आमच्या भरवशावर ठेवून गेले होते. ती आजवर माझ्याशिवाय कुणाकडे गेली नव्हती. ती आता वन्सं जप करायला बसल्या की समोर येऊन बसे आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघे.

"हिलासुद्दा कळलंय," वन्सं म्हणाल्या आणि डोळे पुसले.

यांना मी सांगितलं तर हे म्हणाले, "आक्काला पचनाचं काहीतरी द्यायला हवं," आणि आणखी एक बरणी शोधायला लागले. मला यांचंही लक्षण बरं दिसत नव्हतं. तोंडाला सारखी कोरड, तांब्या हातातून सुटत नव्हता. पोट साफ नाही. जेवणावरची वासना गेली होती. पण प्रत्येक तक्रारीवर यांच्याकडे नवी पूड होती. पोटासाठी यांनी एक भुशासारखी पावडर आणली. ती पाण्यात कालवून लगेच प्यायची असते. हे फोन घ्यायला गेले आणि परत येईपर्यंत पेल्यात तिचा असा गोळा झाला की चमचा त्यात उभा राहिला. मी तो पेला रात्रभर भिजत घातला. मग विसरायला होतं म्हणून स्मरणशक्तीच्या गोळ्या आल्या. त्या घ्यायला हे विसरत.

शेवटी वन्सं म्हणाल्या, मला हेदवीला गणपतीच्या देवळात ने, देवासमोर उभं राहून विचारायचं आहे. हे म्हणाले, चला. आमच्या छोट्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. जयगडला पोहोचेपर्यंत हे लघवीला इतक्या वेळा उतरले की वन्सं म्हणाल्या, "ह्याच्यापेक्षा एसटी लवकर पोचते."

जयगडहून पलीकडे तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीवर गाडी चढवली आणि आम्ही खाली उतरून वाऱ्यावर उभे राहिलो. वन्संच्या शेजारी एक कोळीणबाई टोपली घेऊन बसली होती. वन्संना ढेकर आला. त्यांनी बाईकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"बांगडे नेतेस काय गो?" त्यांनी मोठ्या आशेने विचारलं.

"नाय ओ मावशी. सकाळीच संपले. टोपली धुतली पण," असं म्हणून बाईने वरचं फडकं काढून दाखवलं. आत तिने घरी न्यायला घेतलेले टॉमेटो होते. मग तिने हवेत नाक फिरवलं आणि म्हणाली, "पण वास येतोय खरा. तुमच्यात कोण खाऊन आलंय?"

वन्सं तिथून उठून बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. पाय धड पडत नव्हते म्हणून कठडा धरून गेल्या. मला फार वाईट वाटलं आणि हसूही आवरेना, म्हणून मी खाडीकडे तोंड केलं.

हेदवीच्या देवळात दुपारची शांतता होती. वन्संनी दर्शन घेतलं, पण बोलायचा धीर झाला नाही. म्हणाल्या, जरा टेकते, मग परत आत जाते. आम्ही पायऱ्यांवर सावलीला बसलो. यांच्या घड्याळाचा गजर वाजला. दुपारच्या गोळ्यांची वेळ झाली होती. यांनी खिशातून डबी काढून आपल्या घेतल्या आणि दोन सोनेरी गोळ्या बहिणीच्या हातावर ठेवल्या. पाण्याची बाटली यांनी वाटेतच रिकामी केली होती. वन्संच्या घशात गोळी अडकली. त्यांनी ती परत दातांखाली घेतली आणि चावली.

त्यांच्या तोंडावर काय काय उमटून गेलं ते मला नीट सांगता येणार नाही. 

"हा मासा हाय," त्या म्हणाल्या.

"मासा नाही, आक्का. तेल आहे," हे म्हणाले.

"कसलं तेल?"

"हृदयाला चांगलं असतं."

"मी विचारतंय, कुणाचं तेल?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सांगा."

"माशाचं," हे म्हणाले. "पण तो आपल्याकडचा मासा नाही. थंड समुद्रातला."

वन्संनी उरलेली गोळी यांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली, उठल्या आणि तडक गाभाऱ्यासमोर गेल्या. आम्ही मागोमाग. आत पुजारीबुवा होते. वन्संनी त्यांना सगळं सांगितलं, भावाकडे बोट दाखवून सांगितलं. बुवांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाय."

"मग तुमचा नवस मोडलेला नाही. चूळ भरा आणि देवाला सांगा."

"आणि ह्याचं काय?"

बुवा यांच्याकडे बघून म्हणाले, "त्यांचं तुम्हीच बघा. थोरल्या बहीण आहात."

एवढं ऐकल्यावर वन्संच्या अंगात बळ आलं. एक तर त्यांचा जीव मासळीत अडकलेला नव्हता, ढेकर परक्या माशाचा होता, हे त्यांना कळलं होतं. दुसरं म्हणजे भाऊ हातात सापडला होता. त्यांनी देवासमोर उभं राहूनच फर्मान काढलं. "उद्या सगळ्या बरण्या घेऊन डाक्तरणीकडे जायचं. एकसुद्दा घरी ठेवायची नाय. ती म्हणेल तेवढंच खायचं. देवाच्या पुढ्यात कबूल कर." यांनी कबूल केलं. तोंडाला कोरड पडलेली असल्यामुळे ते नीट ऐकू आलं नाही, तर वन्संनी पुन्हा बोलायला लावलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आंब्याच्या पिशवीत बरण्या भरून दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी त्या एकेक करून टेबलावर मांडल्या. टेबल भरलं, मग खुर्चीवर ठेवल्या. त्या बराच वेळ बारीक अक्षरं वाचत होत्या. मग सगळ्यात शेवटी त्यांना पिशवीच्या तळाशी आपणच लिहून दिलेली पावडरीची पाकिटं सापडली.

"ही अजून घेताय?"

"हो. नियमाने."

"आठवड्यातून एकदा?"

"रोज," हे म्हणाले. "आठवड्याचं लक्षात राहत नाही. म्हणून मी रोजची सवयच लावून घेतली."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला. या बाई कधी आवाज चढवत नाहीत, पण त्या दिवशी बाहेर बसलेल्या लोकांनी माना आत घातल्या. त्या म्हणाल्या, ब जीवनसत्त्व जास्त झालं तर बहुतेक निघून जातं, पण पाकिटातलं ड जीवनसत्त्व निघून जात नाही, साठत राहतं. शिवाय हाडांच्या बरणीत तेच, केसांच्या बरणीत तेच, सगळ्या अवयवांच्या म्हणून जी बरणी आहे तिच्यातही तेच. वरून कॅल्शियमच्या गोळ्या. ते सगळं रक्तात चढतं आणि मग तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, विसराळूपणा, आणि तसंच चालू राहिलं तर मूत्रपिंडं जायची. त्यांनी लगेच रक्त काढलं. कॅल्शियम खरोखरच इतकं वाढलेलं होतं की यांना त्याच दिवशी दाखल करून सलाइन लावलं. मला हसू यायचं तेव्हा थांबलं. रात्री यांच्या उशाशी बसले तेव्हा हे ओशाळून म्हणाले, "एवढी हाडं मजबूत करून काय उपयोग, नाही का?" मी यांचा हात धरून बसले.

यांना बरं वाटू लागल्यावर बोटवाले दवाखान्यात भेटायला आले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. वाईट वाटलं म्हणून ते रिकाम्या हाताने आले नव्हते. अशक्तपणावर उत्तम, असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक नवी बरणी काढली. वन्सं खोलीच्या दारातच बसल्या होत्या. त्यांनी बरणी हातात घेतली, हुंगली आणि विचारलं, "ह्यात कोण हाय?"

"कोण म्हणजे?" बोटवाले गोंधळले.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी बरणी बघितली आणि बोटवाल्यांना तिथेच विचारायला सुरुवात केली. तुम्हाला कसली औषधं चालू आहेत, रक्त पातळ करायची गोळी आहे का, हिरड्यांतून रक्त येतं का. बोटवाल्यांना ती गोळी चालू होती, आणि दाढी करताना कापलं की रक्त थांबायला वेळ लागतो हेही त्यांनी सांगितलं. माशाच्या तेलासारख्या गोळ्यांनी रक्त आणखी पातळ होऊ शकतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते भेटायला आले होते, ते दुसऱ्या दिवशीची वेळ घेऊन गेले.

या सगळ्यात वन्संचे पाय राहूनच गेले होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांना नीट विचारलं. काय खाता, दूध घेता का, दही, ताक. वन्संनी नवसाचं सांगितलं. रक्त तपासल्यावर कळलं की त्यांच्यात बी-बारा फार कमी आहे. ते मासे, मांस, अंडी, दूध यांतून मिळतं आणि वन्संनी यातलं सगळंच सोडलेलं होतं. म्हणजे आमच्या घरात बाहेरून काही घ्यायची खरी गरज या एकाच माणसाला होती आणि तिलाच चुकीची बरणी मिळाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी इंजेक्शनं, मग कायमची गोळी.

वन्सं उठून उभ्या राहिल्या. "हे कशापासून करतात?"

"हे मोठ्या टाक्यांमध्ये जिवाणूंकडून करून घेतात."

"जिवाणू म्हंजे जीव झाला."

"दह्यात असतात ना, तशातलेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"त्यांना काटा असतो?"

"नाही."

वन्संनी विचार केला. "मग चालेल," म्हणाल्या आणि दंड पुढे केला. पुढे गोळ्या सुरू झाल्या तेव्हा त्यांनी पहिली पोटात घेण्याआधी चिमटीत धरून हुंगली, आणि मांजरीला हुंगायला दिली. मांजर तोंड फिरवून निघून गेली. वन्संनी गोळी घेतली.

गुण यायला वेळ लागला. माझी शाळा सुरू झाली, पाऊस लागला, तरी त्या आमच्याकडेच होत्या. आधी थकवा गेला. त्या पुन्हा माझ्या स्वैपाकात चुका काढायला लागल्या, तेव्हाच मी ओळखलं. मुंग्या हळूहळू कमी झाल्या. श्रावणात एका सकाळी त्या परसात अनवाणी गेल्या आणि तिथून हाक मारली. मी धावत गेले. त्या चिऱ्याच्या ओल्या खड्यांवर उभ्या होत्या.

"खडे टोचतायत गो," त्या म्हणाल्या. "एकेक येगळा लागतोय." आणि त्या तशाच दोन्ही पाय बदलत उभ्या राहिल्या.

गणपतीआधी त्या हेदवीला परतल्या. हे आता डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणून सकाळी परसात उघड्या अंगाने फिरतात आणि त्यांचं रक्त दर काही महिन्यांनी तपासतो. मसाल्याच्या फळीवर धणे-जिरे परत गेले. परवा, नारळाला मूठभर मीठ मानवतं म्हणून यांनी मिठाचं आख्खं पोतं आणलं, तेव्हा मी ते पोतं आधी आत आणून ठेवलं आणि वन्संना फोन लावून यांच्या हातात दिला.